यादीतलं पाचवं नाव

लक्षद्वीपहून परतल्यावर धुळ्यात आमच्याकडे माणसं विचारायला येऊ लागली. जायचं कसं, परवानगी कुठून काढायची, बोट लागते का, शाकाहारी माणसाचे हाल होतात का. मी सगळ्यांना सांगत असे. उलटीच्या गोळ्या बोट सुटण्याआधी घ्या, सुटल्यावर उपयोग नाही. रबरी चपला न्या, कारण तिथलं पोवळं पाय कापतं. पोलिसांचा दाखला दोन महिने आधी मागा. हे सगळं खरं आहे आणि ज्यांना जायचं आहे त्यांनी ते लक्षात ठेवावं. पण एवढंच सांगून मी दर वेळी थांबत आलो. आता लिहायलाच बसलो आहे तर उरलेलंही लिहितो.

धुळे

नव्वदीच्या दशकाचा मध्य उलटला होता. आमच्या ऑफिसात रजा-प्रवासाची सवलत मिळायची आणि बहुतेक लोक ती तिरुपती किंवा काश्मीर अशी वापरायचे. माझे सेक्शनप्रमुख पाठक साहेब एके दिवशी एक रंगीत पत्रक घेऊन आले. त्यावर निळंहिरवं पाणी होतं आणि पाठीवर नळकांडं बांधून पाण्याखाली पोहणारा माणूस होता.

"शिरपूरकर, बघा हे," ते म्हणाले. "तिथे शिकवतात म्हणे. पोहता येणाऱ्या माणसाला दोन दिवसांत समुद्राच्या तळाशी नेतात. तुम्हाला पोहता येतं ना?"

"येतं. विहिरीत शिकलो."

"झालं तर मग. मी काठावर बसून तुमचे कपडे राखीन."

शिरपूरकर हे माझं आडनाव गॅझेटात छापून घेतलेलं आहे. मूळचं बैसाणे. नोकरी लागून धुळ्यात आलो तेव्हा भाड्याची खोली शोधताना घरमालक आधी आडनाव विचारायचे, आणि ते ऐकल्यावर खोली कालच दिली म्हणायचे. चौथ्या घरानंतर मी आडनाव बदललं. त्यानंतर खोली लगेच मिळाली. त्यात लाज वाटण्यासारखं मी काही केलं असं तेव्हा वाटलं नाही, आजही त्या एका गोष्टीपुरतं वाटत नाही. पण आडनावामागोमाग मी आणखी बरंच काही बदलत गेलो. भिंतीवरचा फोटो बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत नेला. कोणी 'जय भीम' म्हटलं तर आवाज न करता मान हलवू लागलो. ऑफिसात एकदा एकाच्या बढतीवरून पाठकांनी एक वाक्य टाकलं, 'त्यांचं काय, त्यांना शिडी आयती असते', आणि सगळ्यांबरोबर मीही हसलो. ते हसू मला अजून आठवतं. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

पत्रक घेऊन मी सर्वांत आधी गेलो तो गावी, भावाकडे.

शिरपूरजवळची विहीर

माझा थोरला भाऊ सुकदेव विहिरीत बुडी मारायचं काम करतो. आमच्या भागात कापसाला आणि केळीला विहिरीचं पाणी लागतं, आणि मोटारीच्या पाइपाच्या टोकाला असलेली झडप गाळात रुतली की पाणी चढत नाही. मग सुकदेवला बोलावणं येतं. तो पोटाशी एक काळा दगड धरतो, एक श्वास घेतो आणि खाली जातो. ज्या एका विहिरीवर आमच्या आजोबांना दोर टाकू देत नव्हते, वरून ओंजळीत पाणी ओतायचे, त्या विहिरीच्या तळाशी भाऊ किती वेळा जाऊन आला असेल ते त्यालाही सांगता येणार नाही. तिथून वर आल्यावर त्याला चहा मिळायचा, पण कप गोठ्याच्या कोनाड्यातला.

या कामात त्याचा उजवा कान गेला. तिशीतच एकदा खोल विहिरीत कानात कळ आली, रक्त आलं, आणि तेव्हापासून तो कान बहिरा. त्याच्याशी बोलायचं तर डाव्या बाजूला बसावं लागतं.

मी डाव्या बाजूला बसून त्याला पत्रक दाखवलं. त्याने ते उन्हात धरलं.

"समुंदरना तय दिखस का रे वामन?"

"दिखस म्हनतस. डोयाले काच लावतस."

चित्रावरून बोट फिरवत तो म्हणाला, "वीस वरीस व्हई गयात इहीरीमा उतरीसन. पन एक बी तय देखा नही. बठ्ठं चाचपडीसन."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. विहिरीच्या तळाशी अंधार असतो. भाऊ आयुष्यभर जिथे जाऊन आला ती जागा त्याने कधी पाहिलेली नव्हती.

"तू बी चाल," मी म्हणालो. तेव्हा मी मनापासून म्हणालो होतो, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

पुढचे तीन महिने मी दर दुसऱ्या रविवारी गावी गेलो. भाऊ मला तयार करत होता. ऑफिसात खुर्चीवर बसून माझं पोट सुटलं होतं, दम टिकत नव्हता. तो मला पायऱ्यांवर बसवून श्वास सोडायला शिकवायचा. घ्यायचा कसा ते नंतर, सोडायचा कसा ते आधी. मग हातात दगड देऊन खाली पाठवायचा आणि स्वतः शेजारून यायचा. एकदा मी घाबरून अर्ध्यातून वर आलो, नाकातोंडात पाणी गेलं, पायरीला धरून खोकत बसलो. तो पाण्यात उभा राहून हसत होता.

"हाफिसर, इतला काय घाबरस? आठे तुना वरिष्ठ कोनी नही शे."

त्याच्या बायकोने केलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा आम्ही विहिरीच्या थारोळ्यावर बसून खायचो. सहलीची आखणीही तिथेच चालायची. समुद्राचं पाणी खारट तर डोळ्यांना झोंबेल का, मासे अंगाला लागतील का, बोटीत भाकरी नेऊ देतात का. भावाला प्रत्येक गोष्ट आधी ठरवून ठेवायची होती. त्याने नवा लेंगा शिवला. जिल्ह्याबाहेर तो कधी गेला नव्हता.

अर्ज मीच भरले. माझं अक्षर बरं म्हणून पाठकांनीही आपले दोन अर्ज माझ्याकडे दिले होते. मी, माझी बायको मंदा, पाठक, पाठकवहिनी, आणि पाचवा सुकदेव नामदेव बैसाणे. नात्याच्या रकान्यात मी 'सख्खा भाऊ' असं लिहिलं, पत्त्याच्या रकान्यात गावचा पत्ता. पाचही अर्ज एका पाकिटात घालून कोचीच्या कचेरीला पाठवले. पाठकांना भावाचं सांगायचं राहिलं होतं. सांगू, म्हटलं, सवडीने.

रविवारची बैठक

मे महिन्यातल्या एका रविवारी पाठक पतिपत्नी आमच्याकडे आले. टेबलावर नकाशा पसरला होता. कोणत्या गाडीने चाळीसगाव, तिथून कोची, बोटीत वरची खाट कोणाला, असं ठरत होतं. पाठकवहिनी किती किलो चिवडा न्यायचा ते कागदावर लिहीत होत्या. मंदा आत चहा करत होती.

फाटकातून आवाज आला, "जय भीम, वामन!"

भावाच्या खांद्यावर भुईमुगाच्या ओल्या शेंगांची पिशवी होती. मुळांना माती लागलेली होती. पोलीस येऊन चौकशी करून गेला, कागद पुढे गेला, हे सांगायला तो एसटीने सकाळीच निघाला होता. तो दारात आला आणि टेबल, नकाशा, पाहुणे पाहून थांबला.

पाठकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला एकच वाक्य बोलायचं होतं. हा माझा भाऊ. एवढंच. मी म्हणालो, "हे आमच्या गावाकडचे. विहिरीची कामं करतात."

मी ते त्याच्या कुठल्या कानाच्या बाजूला बोललो हे मी नंतर अनेकदा आठवून पाहिलं. दोन्ही कानांच्या समोरच बोललो होतो. त्याला ऐकू आलं होतं.

तो ओट्यावरच बसला. चप्पल आधीच काढली होती, ती पुन्हा पायात घातली.

पाठक साहेब बोलके. "विहिरीची म्हणजे? बुडी मारता? किती खोल जाता हो?"

"आठ-दहा पुरुष," भाऊ म्हणाला.

"बापरे! आणि श्वास?"

"धरायचा."

"अहो शिरपूरकर, आपल्याऐवजी यांनाच न्यायला पाहिजे!" पाठक मोठ्याने हसले. मीही हसलो. भाऊही हसला.

मंदा चहा घेऊन बाहेर आली आणि भावाला पाहून तिने डोक्यावरून पदर घेतला. ती पाया पडायला वाकणार तोच भाऊ उठला. "असू द्या बाई," तो शुद्ध भाषेत म्हणाला. माझ्या बायकोला तो बाई म्हणाला. मग पिशवी ओट्यावर ठेवून माझ्याकडे वळला. "शेंगा आणल्या होत्या, साहेब. येतो."

फाटक त्याने हळू लावलं. पाठकवहिनी म्हणाल्या, "किती प्रेमळ असतात नाही खेड्यातली माणसं." मंदा आत निघून गेली ती पाहुणे जाईपर्यंत बाहेर आली नाही. मग म्हणाली, "त्यांच्या मागे धावत गेला असता तर मोटारस्टँडवर सापडले असते ते." आणि आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली.

त्यानंतर भावाला नेणं मला शक्य नव्हतं. म्हणजे शक्य होतं, मला जमणारं नव्हतं. मी कोचीला पत्र लिहिलं की पाचव्या माणसाचं नाव प्रकृतीच्या कारणाने काढावं. उत्तर आलं नाही. नाव निघालं असेल असं मी धरून चाललो.

मग गावी गेलो. अंगणात शेजारपाजारची माणसं तुरी पाखडत होती. भाऊ खाटेवर बसला होता आणि रिकामी जागा फक्त त्याच्या उजव्या बाजूला होती. मी तिथे बसलो आणि हळू म्हणालो, "भाऊ, तुनी परमिशन उनी नही."

"काय?"

"परमिशन. उनी नही."

"काय उनी नही?"

"परमिशन उनी नही! कानमुये!" मी ओरडलो. पाखडणारे हात थांबले. खोटं बोलायचंच होतं तर ते मला साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असं बोलावं लागलं.

भावाने मान हलवली. "बरं," तो म्हणाला. "तू जाई ये. तय देखी ये. मंग माले सांग."

कडमत

रेल्वेचे अडीच दिवस आणि बोटीची रात्र गाळतो. बोटीत आम्हा चौघांनाही उलट्या झाल्या आणि चिवड्याचा डबा कोणी उघडला नाही.

सकाळी डेकवर आलो तेव्हा समुद्रात एक हिरवी रेघ होती, तेच आमचं बेट, कडमत. सगळी नारळाची झाडं, आणि पुढे पाण्याचा रंग आमच्याकडच्या कशासारखाच नव्हता. मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही. पोवळ्यांच्या कड्याबाहेर उभी राहते आणि माणसांना भर समुद्रात छोट्या होडीत उतरवतात. लाट वर आली की होडी वर येते, त्या क्षणी पाऊल टाकायचं. पाठकांनी एक क्षण उशीर केला. दोन खलाशांनी त्यांना काखेत धरून आत ओढलं, पण चष्मा पाण्यात गेला. पुढचे सहा दिवस त्यांनी लक्षद्वीप धूसर पाहिलं.

धक्क्यावर एका टेबलामागे पोलीस बसला होता. समोर टंकलेली यादी. गणवेश स्वच्छ, आवाज खणखणीत. बोटीतून उतरलेली तीस-चाळीस माणसं रांगेत होती. तो नाव वाचायचा, माणूस हात वर करायचा.

"वामन नामदेव शिरपूरकर."

मी हात वर केला. मंदाने केला. पाठकांनी, वहिनींनी केला. मी पिशवी उचलली.

"सुकदेव नामदेव बैसाणे."

उचललेली पिशवी मी पुन्हा खाली ठेवली.

"सुकदेव नामदेव बैसाणे!" त्याने मान वर करून पुन्हा वाचलं, आणखी मोठ्याने. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा रांगेतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. त्याने बोट यादीवर ठेवलं आणि हिंदीत मला विचारलं, "आपके साथ है. कहाँ है?"

"नहीं आया," मी म्हणालो. "गाँव का आदमी है."

"यहाँ ब्रदर लिखा है."

मंदा माझ्या शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. समुद्राकडे पाहत होती.

"हाँ," मी म्हणालो. "भाई है."

पोलिसाने नावापुढे फुली मारली आणि पुढचं नाव वाचलं. एवढंच झालं. पण पाठक चष्म्याविना डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होते. धक्क्यावरून चालताना ते म्हणाले, "सुकदेव. म्हणजे ते... शेंगा घेऊन आले होते ते?"

"हो."

"सख्खे?"

"हो."

ते म्हणाले, "अहो, मग सांगायचं. आम्ही काय खाल्लं असतं का तुम्हाला?"

हे वाक्य त्यांनी चांगुलपणाने म्हटलं होतं. मला वाटतं, त्यांना त्या क्षणी शिडीचं आपलंच वाक्य आठवलंही नसेल. मला आठवलं, आणि त्यावरचं माझं हसूही आठवलं. त्या दिवसापासून वहिनी वागतात कशा इकडे मी चोरासारखं लक्ष ठेवून होतो. जेवताना शेजारी बसतात का, डबा पुढे करतात का. त्या बसल्या, त्यांनी डबा पुढे केला. फक्त पूर्वी त्या मला 'भाऊजी' म्हणत, ते कधी थांबलं मला सांगता येणार नाही. कदाचित थांबलं नसेल, मीच मोजत बसल्यामुळे तसं वाटलं असेल. मी इतकी वर्षं जे लपवलं त्याची किंमत किती होती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तिसरी खाट

राहायला नारळाच्या झापांनी शाकारलेल्या झोपड्या होत्या. आमच्या झोपडीत तीन खाटा लावलेल्या होत्या. तिसरीवर पांढरी चादर, मच्छरदाणी, घडी केलेला टॉवेल, उशीवर साबणाची वडी. यादीप्रमाणे सगळी व्यवस्था होती.

मी पोहून आल्यावर पहिल्या दिवशी सवयीने ओला टॉवेल त्या खाटेवर टाकला.

"तो उचला," मंदा म्हणाली. "भाऊंची खाट आहे ती."

झाडलोट करणारी बाई रोज येऊन तिन्ही खाटांच्या चादरी बदलायची. तिसरीवर कोणी झोपत नाही हे तिला दिसत होतं, पण तिच्या कामाची तऱ्हाच तशी होती. मी तिला खुणेने नको म्हटलं तर ती हसली आणि चादर ताणून नीट केली. सहा दिवस रोज ती खाट नव्याने तयार व्हायची.

बेट दोन-अडीच तासांत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून होतं. माणसं मल्याळी बोलतात, सारी मुसलमान, कमालीची शांत. दारू नाही. घरं बाईच्या नावावर असतात आणि लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी येतो. हे ऐकून मंदा म्हणाली, "शहाणी माणसं." कुप्पा मासा तळून, किंवा नारळाच्या रसात शिजवून भाताबरोबर देतात. मला तो आवडला. पाठकवहिनींनी सहा दिवस भात, केळी आणि नारळ यांवर काढले. दुपारी चिवडा उघडला तो समुद्राच्या हवेने मऊ पडला होता.

सगळ्यात नवल वाटलं ते तिथल्या विहिरींचं. चहूकडे खारं पाणी आणि मधल्या या चिंचोळ्या वाळूत गोड पाण्याच्या विहिरी. आणि किती उथळ! वाकून तांब्या बुडवता येईल इतक्या. तळाची वाळू वरून दिसत होती, वाळूवर पडलेलं पानसुद्धा दिसत होतं. मी एका विहिरीच्या काठावर किती वेळ बसून राहिलो. घरातली म्हातारी बाहेर आली, तिला वाटलं मला तहान लागली आहे. तिने पाणी काढून पेला माझ्या हातात दिला. कोण, कुठला, काही विचारलं नाही.

तळ

पाण्याखाली जायला शिकवणाऱ्याचं नाव हमझा. तिशीचा, काळासावळा, मोडकं हिंदी बोलणारा. पहिल्या दिवशी त्याने आम्हाला कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं आणि म्हणाला, सगळ्यात आधी कान.

"नाक बंद करो. मुँह बंद. अब फूँको. कान में आवाज आया? बस. नीचे जाते हुए हर हाथ पर करो. दर्द से पहले करो. नहीं करोगे तो पर्दा फटेगा."

मी नाक चिमटीत धरलं आणि फुंकलं. दोन्ही कानांत टचकन आवाज झाला आणि दडपण गेलं. शिकायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. हे एवढंच होतं. आठ-दहा पुरुष खोल जाणाऱ्या माझ्या भावाला हे सांगणारं कोणी भेटलं नव्हतं. ज्यांच्या विहिरीत तो उतरला त्यांनाही माहीत नव्हतं, आणि त्यांना ते माहीत करून घ्यायचं कारणही नव्हतं.

मी हमझाला विचारलं, ज्याचा पडदा आधीच फाटला आहे तो खाली जाऊ शकतो का?

"नहीं. कान में पानी जाएगा, चक्कर आएगा. उसको मैं नहीं ले जाता." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "लेकिन काँच वाली नाव है ना. नाव में बैठो, नीचे सब दिखता है. मेरा बाप वैसे ही देखता है."

म्हणजे कानामुळे भावाला जाता आलं नसतं हे माझं खोटं अर्धं खरं निघालं. मला त्याचा आधार घेता आला असता. पण त्या दुपारी मी मंदाबरोबर काचेच्या तळाच्या नावेत बसलो, आणि खालून पोवळ्यांची झाडं, निळे-पिवळे मासे, एक संथ कासव जाताना पाहिलं. नावेत एक बाक रिकामा होता. तिथे बसायला कानाचा पडदा लागत नव्हता.

चौथ्या दिवशी हमझाने मला खाली नेलं. पाठीवर नळकांडं, कमरेला शिशाचे वजनाचे तुकडे. दगडाची जागा शिशाने घेतली होती, बाकी रीत भावाचीच. श्वास सोडत उतरायचं, घाई करायची नाही. मी कान मोकळे करत करत खाली गेलो. गुडघे वाळूला टेकले.

तळ दिसत होता. पांढरी वाळू, तिच्यावर लाटांच्या सावल्यांची जाळी हलत होती. एक चपटा मासा वाळूचाच रंग घेऊन पडला होता, हात जवळ नेताच वाळूच उठून निघून गेल्यासारखी वाटली. वर पाहिलं तर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा चमकत होता. कुठेही चाचपडावं लागत नव्हतं. लोक इथे आनंदाने हात हलवतात, फोटो काढतात. माझ्या चष्म्यात पाणी साचू लागलं. हमझाला वाटलं काच गळते आहे. त्याने खुणेने ते बाहेर काढायची रीत दाखवली. दोनदा काढलं, पुन्हा साचलं. मग त्याने मला वर आणलं.

परत

धुळ्याला पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी गावी गेलो. भाऊ विहिरीवरून नुकताच आला होता, केस ओले होते. मी डाव्या बाजूला बसलो. भावाच्या बायकोने, वहिनीने, पाणी दिलं.

"देखा का तय?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. वाळू, सावल्यांची जाळी, वाळूच्या रंगाचा मासा, वरचा आरसा. तो मधेमधे विचारत होता. गाळ नाही का? पाय रुतत नाही? मी त्याला कानाची रीत दाखवली. त्याने नाक चिमटीत धरून जोरात फुंकलं. उजव्या कानातून सुईसारखी बारीक शिट्टी ऐकू आली. तो दचकला, मग हसू लागला. वहिनीला बोलावून पुन्हा करून दाखवलं. "देख, मना कान वाजस!" मला हसता आलं नाही.

मग मी बोललो. परमिशन आली होती, मी खोटं सांगितलं. त्या रविवारी पाठकांसमोर मी जे म्हणालो तेही बोललो. किती बोललो आठवत नाही. बोलता बोलता मी त्याच्या पायाला हात लावला, तेव्हा त्याने पाय मागे घेतले.

तो उठून आत गेला. पत्र्याच्या पेटीतून एक टंकलेला कागद आणून माझ्या मांडीवर ठेवला. कोचीच्या कचेरीचा शिक्का. प्रत्येक अर्जदाराला त्याच्या त्याच्या पत्त्यावर कळवण्याची त्यांची पद्धत होती, आणि पत्ता मीच माझ्या बऱ्या अक्षरात लिहिला होता. नाव काढायचं माझं पत्र कोचीला पोहोचण्याआधीच तो कागद गावी आला होता. शाळेच्या गुरुजींनी तो चारचौघांत वाचून दाखवला होता. मी अंगणात ओरडत होतो तेव्हा तो पेटीत होता, आणि पाखडणाऱ्या प्रत्येक माणसाला ते माहीत होतं.

"मंग तू काही बोलना काबरं नही?"

त्याने ओल्या केसांतून हात फिरवला आणि विचारलं, "तठे मनं नाव व्हतं का?"

"व्हतं. पोलिसनी वाचं."

"जोरमा?"

"जोरमा. तीन येळ."

"बठ्ठा लोकेस्ना समोर?"

"बठ्ठास्ना समोर."

"आडनावसकट?"

"आडनावसकट."

त्याने तो कागद माझ्या मांडीवरून उचलला, घडीवर घडी घातली आणि खिशात ठेवला.

"मंग मी जाई उनू," तो म्हणाला आणि जेवायला उठला.

मी तिथेच बसून राहिलो. तो गेला होता, त्याचं नाव घेऊन. मी त्या धक्क्यावर कोणाच्या नावाने उतरलो होतो, हे मला त्याला सांगता येईना.